मास्तरांच्या पोटातला पट्टा

पट्टा म्हटलं की तुमचा हात आपोआप कमरेकडे जातो. तिथे मला शोधू नका, तो मी नव्हे. मी बोलतोय तो पोटातला पट्टा. अकरा वर्षं पोटात काढली आणि गेले पाच महिने बरणीत आहे. एका शिंप्याच्या दुकानात, पांढऱ्या बटणांचा डबा आणि काळ्या दोऱ्याची रिळं यांच्या मधोमध माझी बरणी ठेवलेली आहे. गिऱ्हाइकं येतात, मान वाकडी करून मला बघतात आणि विचारतात, हे काय मास्तर, मशीनचा सुटा भाग का? मग मास्तर माझी हकीकत सांगतात. पण ती त्यांच्या बाजूने. माझी बाजू मला स्वतःलाच सांगावी लागणार.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. इतका स्वच्छ कारखाना की तिथे शिंकायलासुद्धा बाहेर जावं लागे. सिलिकॉन नावाच्या मऊ, रबरासारख्या पदार्थातून आम्हा सगळ्यांना घडवलं. माझी काही भावंडं बाळाच्या बाटलीची निपलं झाली, काही पोहण्याच्या टोप्या झाली, आणि एक थोरला भाऊ केकचा साचा झाला. म्हणजे एका भावाने केक घडवायचा आणि दुसऱ्याने तो अडवायचा. घरोघरी असं असतंच, त्याचं मला काही वाटत नाही.

मी दिसायला साधा. पांढरं कडं, एका बाजूला अडकवायचं बक्कल, आणि आतल्या अंगाला एक लांबुळका फुगा. फुग्यात पाणी भरलं की मी आवळतो, काढून घेतलं की सैल पडतो. हे पाणी भरायचं माझ्या धाकट्या बहिणीतून. ती म्हणजे नाण्याएवढी चपटी डबी. मला जठराच्या वरच्या टोकाभोवती बसवतात आणि तिला पोटाच्या कातडीखाली. आमच्या दोघांमध्ये एक बारीक नळी असते. तपासणीच्या दिवशी डॉक्टर बाहेरून सुई टोचतात ती तिला, आणि आवळला जातो मी.

आता मास्तर. त्यांचं वजन तेव्हा एकशे अठ्ठावीस किलो होतं. शिंप्याच्या धंद्यात वाकणं फार. पँटचं माप पायाच्या घोट्यापर्यंत घ्यावं लागतं, आणि मास्तरांचा घोट्याशी बरीच वर्षं संबंध उरला नव्हता. त्यांनी युक्ती काढली होती. गिऱ्हाइकालाच स्टुलावर उभं करायचे. एकदा एका उंच माणसाचं डोकं पंख्याला लागता लागता वाचलं, तेव्हा त्या माणसाने माप अर्धवट टाकून रेडिमेड पँट घेतली. ते मास्तरांना फार लागलं. शिवाय साखर वाढलेली, गुडघे कुरकुरणारे, आणि दुपारी मशीनवर बसल्या बसल्या घोरणं. शेवटी त्यांच्या बायकोने, जिला सगळी गल्ली काकू म्हणते, त्यांना हाताला धरून दुसऱ्या शहरातल्या सर्जनकडे नेलं.

ते सर्जन हळू आवाजात बोलणारे होते. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. खोक्यातून मीही ऐकत होतो. ते म्हणाले, पट्टा भूक मारत नाही, घास अडवतो. हळू खायचं, चावून खायचं. आणि शेवटी म्हणाले, "शंभरातल्या एखाद-दुसऱ्याला खूप वर्षांनी त्रास होतो. पट्टा सरकतो, किंवा जठराच्या भिंतीत रुतत रुतत आत शिरतो. दुखेलच असं नाही. म्हणून काही वाटो न वाटो, दर वर्षी यायचं." मास्तरांनी मान डोलावली. ही मान मी पुढे पुष्कळदा ऐकली. हो, ऐकली. आत राहणाऱ्याला मान डोलावलेलीही ऐकू येते.

मास्तरांची लेक तेव्हा चौदा वर्षांची होती. गोल चेहऱ्यामुळे तिला लहानपणापासून सगळे गुंडी म्हणत. बाबा आरोग्य शिबिराला चाललेत असं सांगून तिला तीन आठवडे मावशीकडे धाडलं. ऑपरेशनची गोष्ट कुणाला सांगायची नाही, अगदी गुंडीलाही नाही, असं मास्तरांनी काकूंकडून वदवून घेतलं. त्यांना लाज वाटत होती. दुसऱ्यांचे कपडे आतबाहेर करणाऱ्या माणसाला स्वतःचं पोट बाहेरच्याकडून आवळून घ्यावं लागलं, हे लोक हसत हसत चघळतील असं त्यांना वाटे. काकूंनी ते पोटात ठेवलं. मास्तरांच्या पोटात तर मीच होतो.

पहिलं वर्ष आमचं भांडणात गेलं. मास्तर पावाचा लचका तोडायचे, दोनदा दात लावल्यासारखं करायचे आणि खाली ढकलायचे. मी अडवायचो. मग उचकी, मग डोळ्यांत पाणी, मग मास्तर छातीवर हात ठेवून दुकानाच्या मागच्या दारी उभे. बटाटा मी सोडायचो, सूप तर बिनतक्रार सोडायचो, पण पाव आणि मांसाचे तुकडे पाहिले की माझा पारा चढायचा. हळूहळू त्यांना अक्कल आली. वाटी लहान झाली. चमचा तर इतका लहान झाला की काकू म्हणाल्या, हा आपल्या गुंडीचा बाळपणीचा चमचा आहे.

दोन वर्षांत मास्तर त्र्याऐंशी किलोवर आले. स्टूल माळ्यावर गेलं. मास्तर गिऱ्हाइकाच्या घोट्याशी वाकून बसत आणि उठतानाही कुणाचा हात धरत नसत. त्या दिवसांत मला माझ्या कामाचा जो अभिमान वाटायचा तो काय सांगू. आता कुणीतरी माझं नाव घेईल म्हणून मी वाट बघत होतो.

एक दिवस समोरच्या बेकरीवाल्याने रस्ता ओलांडून येऊन विचारलं, "मास्तर, अर्धे झालात की. केलंत काय?"

मास्तर नुकतेच फिरून आले होते, कपाळावर घाम होता. ते म्हणाले, "चालतो."

एवढंच. आणि ते खोटंही नव्हतं, सर्जननी चालायला सांगितलंच होतं. पण दुसऱ्या दिवशी न्हाव्याने विचारलं तेव्हा त्या एका शब्दाला फांद्या फुटल्या. तिसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, मनावर घेतलं की सगळं होतं. महिन्याभरात बेकरीवाला त्यांच्याबरोबर चालू लागला, मग न्हावी, मग बँकेतले दोघं. वर्षभरात पहाटेच्या बागेत पंचवीस माणसं जमायला लागली. त्यांनी स्वतःचं नाव ठेवलं, 'चालते व्हा मंडळ'. मास्तर बाकावर उभे राहून भाषण करत. भूक ही पोटात नसते, मनात असते, असं ते एकदा म्हणाले. त्या वेळी सकाळच्या अंड्याचा एक तुकडा माझ्यावर अडकून बसला होता आणि मी तो जीव तोडून सांभाळत होतो. भाषणानंतर टाळ्या झाल्या. माझं नाव कुणी घेतलं नाही.

इथे मला मास्तरांच्या धंद्यातली एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं पुढे तिच्यावरच येऊन ठेपलं.

दुकानात मास्तर माप घेतात आणि मोठ्याने सांगतात. गुंडी टेबलापाशी बसून वहीत लिहिते. बाराव्या वर्षापासून ती हे करते आहे. आता, पोट सुटलेल्या माणसाला आपला आकडा चारचौघांत ऐकायला आवडत नाही. म्हणून मास्तर तोंडाने कमी आकडा सांगतात आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटातल्या अंगुस्तानाने टेबलावर ठोके मारतात. सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात घालतात ती पितळी टोपी म्हणजे अंगुस्तान, आणि मास्तरांचं ते झोपतानाच निघतं. जितके ठोके, तितके इंच गुंडीने वाढवून लिहायचे. "कंबर अडतीस," टक, टक, टक, की वहीत एक्केचाळीस. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं आणि पँटही बरोबर बसते. यात कुणाचं काही बिघडत नाही, असं मास्तर म्हणत. मलाही तसंच वाटायचं.

गुंडी एकवीस वर्षांची असताना तिला एका मोठ्या कपड्याच्या कंपनीत मुलाखतीला जायचं होतं. मास्तर तिच्यासाठी कोट शिवायला बसले. त्यांनी टेप तिच्या कमरेभोवती धरली. वही-पेन्सिल गुंडीच्याच हातात, कारण लिहिणारी तीच. मास्तर सवयीने म्हणाले, "छत्तीस." आणि सवयीनेच टेबलावर तीन ठोके पडले.

गुंडीने एकोणचाळीस लिहिलं. मुलाखतीला ती गेलीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बुटांच्या नाड्या बांधून बाबांबरोबर मंडळात आली.

चार वर्षं ती चालली. बाबांच्याएवढी वाटी घेऊन जेवली. बाबांचे पंचेचाळीस किलो गेले होते, तिचे दोन जायचे आणि तीन यायचे. मास्तर तिला धीर द्यायचे, निग्रह कमी पडतोय बेटा, मन घट्ट कर. हे ऐकताना मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. घट्ट मी होतो. तिच्या आत कुणीच नव्हतं, आणि हे तिला सांगणारंही कुणी नव्हतं. काकू एक-दोनदा म्हणाल्या, अहो, निदान पोरीला तरी सांगा. मास्तर म्हणाले, बघू.

वर्षाची तपासणीही अशीच बघू म्हणता म्हणता बंद पडली. सर्जनच्या गावाला निघालं की मंडळी विचारत, कुठे निघालात? पहिली चार वर्षं कापड आणायला जातो असं सांगून भागलं. पुढे गल्लीतल्या दवाखान्याचे डॉक्टरच मंडळात आले. ते स्वतः चांगले गोलमटोल होते आणि मास्तरांच्या मागोमाग अगदी शिष्याच्या नम्रतेने चालत. ज्या डॉक्टरने आपल्याला गुरू केलं त्याच्यासमोर पोटाची गोष्ट कशी काढायची? मास्तरांनी सर्जनचा कागद शिलाईच्या जुन्या नमुन्यांखाली सरकवून दिला. त्यानंतर सात वर्षं माझ्या बहिणीला सुई लागली नाही. तिला वाटलं, सुटले बाई.

आणि मग, दहाव्या वर्षी, माझ्या हातून ते घडलं. मुद्दाम नाही केलं हो. शर्टाची कॉलर रोज जिथे घासते तिथेच विरते, हे मास्तरांना वेगळं सांगायला नको. जठराच्या भिंतीला मी दहा वर्षं एकाच जागी टेकून होतो. ती जागा विरली. एके दिवशी माझी एक कड आतल्या बाजूला आली, मग महिन्या-दोन महिन्यांनी आणखी थोडी. शंभरातला तो एखादा-दुसरा म्हणजे आमचेच मास्तर निघाले. दारावर बसवलेला पहारेकरी घरात घुसला आणि दार सताड उघडं राहिलं.

मास्तरांना काहीच दुखलं नाही. उलट त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. दहा वर्षांनी पहिल्यांदा त्यांनी अख्खा पाव खाल्ला, उचकी नाही की डोळ्यांत पाणी नाही. दुसऱ्या दिवशी दोन खाल्ले. बेकरीवाल्याने ते पाहून डोळे पुसले. काकूंना मात्र शंका आली. त्यांनी हळूच विचारलं, अहो, तो आत काम करतोय ना? मास्तर म्हणाले, त्याचं काम केव्हाच संपलं, आता मन काम करतं. मला दात असते तर त्याच वेळी चावलो असतो.

वजन नऊ किलोंनी वाढलं. मास्तरांनी आपल्या पँटी गुपचूप उसवून इंच-इंच सैल केल्या. आणि मग डबीवरची कातडी लाल झाली. जठरातली घाण माझ्या नळीवरून उतरत उतरत बिचारीपर्यंत पोचली होती. तिथे फोड आला, फुटला, सुकला आणि पुन्हा आला.

मास्तरांनी निदान केलं ते शिंप्याने करावं तसं. त्यांच्या मते कमरेच्या पट्ट्याचं बक्कल घासत होतं. त्यांनी पँटीला आतून मखमलीचा तुकडा शिवला. तरी फोड हटला नाही तेव्हा पट्टाच सोडला आणि खांद्यावरून पँट पेलणारे गॅलिस लावले, दोन बटणं पुढे, दोन मागे. मंडळात गॅलिसची फॅशन आली, न्हाव्याने तर लाल रंगाचे शिवून घेतले. औषधाच्या दुकानातून तीन वेगवेगळी मलमं आली. चार महिने असे गेले. मी आत ओरडून ओरडून सांगत होतो, अहो, बाहेरच्या पट्ट्याला कशाला बोल लावता, आतल्याकडे बघा. पण माझं ओरडणं म्हणजे त्यांना पोटातली गुरगुर.

एका सकाळी दुकानात मास्तर एका सडपातळ माणसाच्या मानेचं माप घेत होते. ते म्हणाले, "गळा बावन्न." गुंडीने पेन्सिल थांबवली. ठोक्यांची वाट पाहिली, पण बावन्नात आणखी काय मिळवायचं? तिने बाबांच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला. काकूंना दुकानावर बसवून ती त्यांना घेऊन तडक कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी गुरूला आदराने टेबलाशेजारी बसवलं, गॅलिस खाली केले आणि फोड पाहिला. मग दोन बोटांनी दाबला. माझी बहीण कळवळली.

"इथे आत काहीतरी कडक लागतंय," डॉक्टर म्हणाले. "आणि या बारीक खुणा कसल्या?"

"कात्रीच्या," मास्तर म्हणाले. "आमच्या धंद्यात लागतं कधी कधी."

"पाच ठिकाणी?" डॉक्टरांनी विचारलं. मग गुरूचा अपमान व्हायला नको म्हणून आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, पोटाचं एखादं ऑपरेशन झालंय का? आत काही बसवलंय का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "कधीच नाही."

टक. टक.

मास्तरांनी मारले नव्हते ते. बोटाने मारले. तेरा वर्षं तोंडाने कमी सांगितलं की जे बोट टेबलावर पडायचं, ते आपणहून पडलं. डॉक्टरांना वाटलं ताप चढलाय, हात थरथरतोय. त्यांनी मलम लिहायला कागदही पुढे ओढला. पण गुंडीने आयुष्यात हजारो मापं लिहिली होती. ठोके पडले म्हणजे सांगितलं त्याहून खरं जास्त आहे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "ते अंगुस्तान काढा आणि परत सांगा."

मास्तरांचं काळीज माझ्या डोक्यावर धडधडत होतं. त्या क्षणी त्यांनी पुन्हा नाही म्हटलं असतं तर आम्ही तिघंही, मी, माझी बहीण आणि मास्तर, चौथं मलम लावून घरी गेलो असतो आणि पुढच्या आठवड्यात काय झालं असतं ते मला सांगवत नाही. मग टेबलावर पितळेचा बारीकसा आवाज झाला. अंगुस्तान निघालं होतं. आणि मास्तरांनी सगळं सांगितलं, सर्जन, शिबिर, मावशी, मी, डबी, तो कागद, एका दमात.

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे मी सात वर्षं तुमच्या मागे पहाटे उठून..." त्यांनी चष्मा काढला. "माझे तीन किलो गेले, मास्तर. सात वर्षांत तीन."

"तुमचे तीन तुमचे आहेत," मास्तर म्हणाले. "माझे पंचेचाळीस पट्ट्याचे होते."

अकरा वर्षांत माझा हा पहिला सत्कार. तोही एकशे दोन तापात झाला, पण मी मनापासून स्वीकारला.

डॉक्टर भला माणूस. त्यांचं मंडळ मोडलं होतं, पण चष्मा परत नाकावर चढवून ते चटकन कामाला लागले. त्यांनी मलमाचा कागद फाडून टाकला. इतक्या वर्षांनी डबीला पू होतो तेव्हा पट्टा कुठे गेलाय ते आधी बघायचं असतं, ते म्हणाले, आणि त्यासाठी आत पट्टा आहे हे आधी माहीत असावं लागतं. त्याच दुपारी त्यांनी मास्तरांना, काकू आणि गुंडीबरोबर, सर्जनच्या गावी धाडलं.

गाडीत गुंडी नमुन्यांखालून काढलेला सर्जनचा कागद वाचत बसली.

दुसऱ्या दिवशी तोंडातून कॅमेऱ्याची नळी खाली आली. अकरा वर्षांत माझ्याकडे आलेला पहिला पाहुणा, आणि माझा अवतार बघा. पांढरा म्हणून आलो होतो, पिवळा-काळा झालो होतो. लाजून चूर झालो. सर्जन हळू आवाजात म्हणाले की पट्टा अर्ध्याहून जास्त आत आलाय आणि बक्कलही दिसतंय, तेव्हा पोट न उघडता तोंडावाटेच काढता येईल. आधी डबी काढू, जखम स्वच्छ करू, ताप उतरू दे. सात वर्षं का आला नाहीत असं त्यांनी एकदाच विचारलं. मास्तरांनी या वेळी मान डोलावली नाही.

माझ्या बहिणीला पोटावर लहानसा छेद घेऊन काढलं. निरोप घ्यायलाही वेळ मिळाला नाही. मग ताप उतरेपर्यंत चार दिवस होते. तिसऱ्या दिवशी काकू औषधं आणायला खाली गेल्या आणि खोलीत बापलेकच उरले. तेव्हा गुंडी बोलली.

"मी चार वर्षं तुमच्याएवढीच वाटी जेवले, बाबा. मशीनवर बसलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे."

"तुझ्यात काही कमी नव्हतं," मास्तर म्हणाले. "माझ्यात एक पट्टा जास्त होता."

ती हसली नाही. मास्तर म्हणाले, मला वाटलं आपण गिऱ्हाइकाला दोन इंच कमी सांगतो ना, तसंच आहे हे. कुणाचं काय बिघडतं? आपल्याला बरं वाटतं.

"दुकानात तुम्ही ठोके मारता," गुंडी म्हणाली. "तोंडाने काहीही सांगा, खरं माप कुणीतरी लिहून घेत असतं. हे कोण लिहीत होतं?"

मी, मी लिहीत होतो, असं मला सांगायचं होतं. पण ते खरं नव्हतं, मी नुसता ऐकत होतो. मास्तर रडले. पोट हलून हलून रडले, इतकं की मला दोन्ही हातांनी जठर धरून ठेवावंसं वाटलं. मग गुंडीने त्यांच्या तोंडाशी सुपाचा चमचा नेला आणि म्हणाली, चावून खा. सूप चावायचं नसतं हे मी त्या दोघांना सांगणार होतो, पण राहू दिलं.

पाचव्या दिवशी मला काढलं. मास्तर भूल देऊन झोपवलेले होते. कॅमेऱ्याच्या नळीबरोबर एक बारीक तार आली, माझ्याभोवती गुंडाळली, आवळली, आणि मी तुटलो. दुसऱ्यांना आवळण्यात जन्म गेला, स्वतः आवळला जाण्याची वेळ तेव्हा आली. मग मला ओढत ओढत वर नेलं. वाटेत ते दात भेटले, ज्यांनी अकरा वर्षं मला अर्धवट चावलेले घास पाठवले. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानंतर एकदम उजेड.

ज्याच्यासाठी राबलो त्याचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आवाजावरून मी मोठा रुबाबदार माणूस मनात धरला होता. समोर होता एक दमलेला गृहस्थ, तोंड उघडं टाकून झोपलेला, दाढी वाढलेली, उजव्या हाताच्या मधल्या बोटावर अंगुस्तानाचा पांढरा वण. मला त्याचा राग धरता येईना. मला कचऱ्यात टाकणार होते, पण गुंडीने सर्जनकडे मागून घेतलं. धुऊन, पुसून, बरणीत घालून ती मला घरी घेऊन आली.

दार आता कायमचं उघडं आहे. मास्तरांना भूक लागते, चांगली सडकून लागते. पाच महिन्यांत आणखी आठ किलो वाढले आहेत. सर्जन म्हणालेत, जठर पुरतं भरून येऊ दे, मग पुढे औषध की आणखी काही ते बसून ठरवू. हे बसून ठरवायला आता काकू, गुंडी आणि दवाखान्याचे डॉक्टर असे तिघं बरोबर जातात. गुंडीनेही स्वतःची तपासणी करून घेतली. तिच्या गळ्यातली एक ग्रंथी कामचुकार निघाली. म्हणजे आळशी होती ती ग्रंथी, गुंडी नव्हे. रोज सकाळी एक गोळी घेते आणि पूर्ण वाटी जेवते. मशीनवर बसल्यावर आता अंधारी येत नाही.

मंडळाचं काय झालं म्हणाल, तर मास्तर मला हातात घेऊन त्याच बाकावर उभे राहिले आणि सगळं सांगितलं. पहिला प्रश्न बेकरीवाल्याने विचारला. मग दहा वर्षं माझे पाव का सोडलेत? तीन दिवस बागेत मास्तर आणि डॉक्टर असे दोघंच चालले. चौथ्या दिवशी बेकरीवाला आला. पहाटे जागच येते, पडून काय करू, असं म्हणाला. मग लाल गॅलिस लावून न्हावीही आला. आता भाषण होत नाही, नुसतं चालणं होतं.

माझी तुमच्यापाशी एकच विनवणी आहे. तुमच्या कुणाच्या पोटात माझं एखादं भावंड असेल, तर ते बहुधा इमानेइतबारे काम करत असेल, उगाच घाबरू नका. पण वर्षातून एकदा त्याची विचारपूस करवून घ्या. आणि डॉक्टरांनी विचारलं की तोंडानेच खरं सांगा. प्रत्येकाच्या बोटात अंगुस्तान नसतं, आणि समोर गुंडी बसलेली नसते.

आज सकाळचीच गोष्ट सांगतो आणि थांबतो. दुकानात दवाखान्याचे डॉक्टर शर्टाचं माप द्यायला आले होते, बाकावर आणखी दोन गिऱ्हाइकं होती. गुंडीला परत त्या कंपनीतून मुलाखतीला बोलावलंय. तेव्हा शिवून तसाच पडलेला जुना कोट तिने आपणहून बाहेर काढला आणि म्हणाली, बाबा, नवीन शिवू या, आधी माझं माप घ्या. वही तिच्याच हातात होती. मास्तरांनी टेप धरली, आकडा पाहिला, आणि बाकावरच्या माणसांकडे एकदा बघितलं. अंगुस्तानाचा हात टेबलाच्या वर जरासा थांबला.

मग तो हात त्यांनी टेपवरच ठेवला.

"एकोणचाळीस," मास्तर म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

गुंडीने थोडी वाट पाहिली. टेबलावर काही वाजलं नाही. तिने एकोणचाळीस लिहिलं, पेन्सिल कानावर खोचली आणि म्हणाली, "आता तुमचं घेते, बाबा. पोट आत ओढायचं नाही."